शाळेपुढची हिरवी पट्टी: आवाज कशाने अडला, कशाने नाही

पार्श्वभूमी

तळमजला आणि वर एक मजला अशी ही शाळा आहे. बांधली तेव्हा समोरचा रस्ता अरुंद होता. पुढे तो चौपदरी झाला आणि अवजड वाहनंही तिथून जाऊ लागली. शाळा आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत आणि मापं ढोबळ केली आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. या कामात आवाजाची मोजमापं करणं आणि लागवडीच्या आराखड्यावर मत देणं एवढा भाग माझ्याकडे होता.

कुंपणापासून वर्गाच्या खिडक्यांपर्यंत साधारण १४ मीटरची मोकळी पट्टी होती. कुंपण लोखंडी गजांचं, म्हणजे आवाजाच्या दृष्टीने नसल्यातच जमा. कुंपणालगत जुन्या उंच झाडांची एक रांग. झाडं डेरेदार होती, पण त्यांच्या फांद्या डोक्याच्या बऱ्याच वरून सुरू होत. खाली नुसती खोडं आणि खोडांमधून स्पष्ट दिसणारा रस्ता. झाडांखालची जमीन रोज झाडली जाई, तिथे दुचाक्या लागत, मधल्या सुट्टीत मुलं पळत. पायांनी आणि चाकांनी दाबून ती जमीन कडक झाली होती.

वर्ग हवेशीर राहावेत म्हणून खिडक्या दिवसभर उघड्या. पुढचं सगळं प्रकरण समजायला ही बाब महत्त्वाची आहे, कारण खिडक्या बंद ठेवून वर्ग चालवणं या शाळेला शक्यच नव्हतं.

अडचण

तक्रार शिक्षिकांकडून आली. दुपारपर्यंत घसा बसतो, शुद्धलेखन घालताना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं, आणि मागच्या बाकांवरची मुलं ऐकू आलं नाही तर विचारण्याऐवजी शेजारच्याच्या वहीत बघतात. रस्त्याच्या बाजूच्या वर्गांत 'त' आणि 'थ', 'प' आणि 'फ' यांच्या चुका मागच्या बाजूच्या वर्गांपेक्षा जास्त होत्या, हे एका शिक्षिकेच्या वह्या तपासताना लक्षात आलं होतं. हा काही शास्त्रीय अभ्यास नव्हे. पण व्यंजनांमधला फरक प्रामुख्याने उंच स्वराच्या, क्षीण ध्वनींतून कळतो आणि गोंगाटात पहिल्यांदा तेच बुडतात, त्यामुळे निरीक्षणात तथ्य होतं.

मोजमापात तळमजल्याच्या खिडक्यांबाहेर शाळेच्या वेळेतली सरासरी पातळी सुमारे ६८ डेसिबल आली. उघड्या खिडकीतून आत येताना आवाज साधारण १० ते १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे रिकाम्या वर्गातसुद्धा पंचावन्नच्या आसपास गोंगाट होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्गातल्या पार्श्वभूमीच्या आवाजासाठी ३५ डेसिबल ही पातळी सुचवलेली आहे. शिक्षिकेचा नेहमीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचताना गोंगाटाच्या जवळपास बरोबरीला येत होता. मुलांना नीट समजायचं तर तो गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वर असावा लागतो. घसे का बसत होते, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे.

सरासरीच्या आकड्यावर मात्र तिथेच थांबलो नाही. एक सबंध सकाळ मीटर लावून, रस्त्याकडे बघत, प्रत्येक मोठ्या उसळीपुढे कारण लिहिलं. टायरांची अखंड सळसळ, निघणाऱ्या ट्रकची जड घरघर, हॉर्न. आणि एक 'खडाङ्' असा आवाज, जो वहीत पुन्हा पुन्हा येत होता. चाक गेलं की आवाज, पुढचं चाक गेलं की परत आवाज. फाटकाजवळच्या गटाराचं लोखंडी झाकण चौकटीत सैल बसलं होतं. सगळ्यांत तीव्र उसळ्यांपैकी बऱ्याच त्या एका झाकणाच्या होत्या. वर्षानुवर्षं शाळेने तो आवाज 'रहदारी' या एका शब्दात धरला होता.

समोर असलेले पर्याय

शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे एक प्रस्ताव आधीपासून तयार होता: पट्टीत झाडांच्या आणखी तीन रांगा लावायच्या. देणगीदार तयार होते, रोपं मिळणार होती, मुलांच्या हातून लागवड करण्याचा कार्यक्रमही ठरत आला होता. झाडं आवाज शोषून घेतात हे सगळ्यांना इतकं पक्कं वाटत होतं की किती शोषतात, असं कुणी विचारलं नव्हतं.

त्या 'किती'चं उत्तर उपलब्ध आहे. मोकळ्या जागेतल्या ध्वनीच्या प्रसाराचं गणित करताना आयएसओ ९६१३-२ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरतात; इथले आकडे त्याच्या १९९६ च्या आवृत्तीतले. पलीकडचं काहीच दिसणार नाही इतक्या दाट पानोऱ्याची जाडी १० ते २० मीटर असेल, तर त्यातून जाताना टायरांच्या सळसळीच्या पट्ट्यात, म्हणजे १००० हर्ट्झच्या (सेकंदाला १००० कंपनांच्या; आकडा जितका मोठा तितका स्वर उंच) आसपास, जेमतेम १ डेसिबल घट धरावी असं ते सांगतं. ४००० हर्ट्झला २, ८००० ला ३. ट्रकच्या घरघरीच्या खालच्या पट्ट्यात शून्य. झाडांचा पट्टा २० मीटरपेक्षा रुंद असेल तर १००० हर्ट्झला दर मीटरमागे ०.०६ डेसिबल. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाचं म्हणणंही याच जातीचं आहे: सुमारे ६० मीटर रुंदीचा घनदाट पट्टा असेल तर १० डेसिबल घट मिळू शकते, पण रस्त्याकडेला तेवढी जागा बहुधा नसते.

डेसिबल ही साधी बेरजेची मोजपट्टी नाही, हे समितीपुढे वेगळं सांगावं लागलं. रस्त्यावरची निम्मी वाहनं नाहीशी झाली तरी मीटर फक्त ३ डेसिबल खाली येतो. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबलची घट लागते. १ डेसिबलची घट कानाला कळतही नाही. म्हणजे तीन रांगांचा प्रस्ताव जसाच्या तसा राबवला असता तर सावली मिळाली असती, पक्षी आले असते, आणि वर्गात काहीही बदललं नसतं.

याला एक महत्त्वाची पुस्ती आहे, आणि झाडांची बाजू मांडताना ती वगळणं अन्यायाचं ठरेल. २००९ ते २०१३ या काळात युरोपात होसॅना नावाचा संशोधन प्रकल्प झाला. नैसर्गिक आणि कृत्रिम उपाय जोडून रहदारीचा आवाज कसा कमी करता येईल, हा त्याचा विषय. त्या काळात बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की १५ मीटर रुंदीचा वृक्षपट्टा नीट आखून लावला, तर तो १ ते १.५ मीटर उंचीच्या पातळ ध्वनिरोधक भिंतीची बरोबरी करू शकतो. पण तिथे काम करतात ती जवळजवळ उभी असलेली जाड खोडं आणि त्यांच्याखालची भुसभुशीत जमीन. पानांचा वाटा त्यात थोडा. खोडं जाड व्हायला वर्षं लागतात आणि आज पाचवीत असलेली मुलगी तोपर्यंत शाळा सोडून गेलेली असते.

दुसरा पर्याय भरीव भिंतीचा. रस्ता आणि कान यांच्यातली सरळ रेषा तुटेल एवढी भिंत उभारली की साधारण ५ डेसिबल घट मिळते. त्यापुढे उंचीच्या दर मीटरला अंदाजे दीड डेसिबल. भिंत भरीव आणि वजनदार हवी, फट नको. समितीतल्या अनेकांना ती नको होती. तुरुंगासारखं दिसेल, असं मुख्याध्यापिकांनी स्पष्ट म्हटलं, आणि रस्त्याकडून आत काय चाललंय ते दिसणार नाही ही सुरक्षिततेची शंकाही होती. शिवाय सपाट कडक भिंत आवाज परत फेकते, म्हणजे रस्त्यापलीकडच्या घरांवर थोडा भार वाढतो.

तिसरा पर्याय मातीच्या बांधाचा, वर आणि उतारांवर लागवड. माती भिंतीइतकीच आवाज अडवते, शिवाय तिचा भुसभुशीत पृष्ठभाग काही आवाज जिरवतो. अडचण रुंदीची. २ मीटर उंचीचा बांध टिकाऊ उतारांनी घालायचा तर पायाशी ७ मीटर जागा जाते.

एका विक्रेत्याने इमारतीच्या दर्शनी भागावर हिरवी भिंत बसवण्याचं सुचवलं होतं. हिरव्या भिंतीत आवाज शोषणारा खरा घटक म्हणजे झाडांमागचं सच्छिद्र माध्यम. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद गल्लीत, जिथे आवाज भिंतींवर आपटत राहतो, तिथे तिचा उपयोग होतो. इथे आवाज थेट रस्त्यावरून उघड्या खिडकीत येत होता. खिडकीशेजारची भिंत मऊ केल्याने खिडकीतून येणारा आवाज थांबत नाही. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

आणि शेवटचा पर्याय, ज्याचा हिरवाईशी संबंध नाही: खोल्यांची अदलाबदल. भांडारघर, चित्रकलेची खोली, कार्यालय रस्त्याकडे, वर्ग मागे.

पहिला निर्णय: ऐकणारा कुठे बसला आहे

बांधाची आकृती काढली तेव्हाच दोन मजल्यांची उत्तरं वेगळी निघाली. टायरांचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागालगतच जन्मतो. तिथून तळमजल्यावर बसलेल्या मुलाच्या कानापर्यंत रेषा ओढली तर २ मीटरचा बांध ती आरामात तोडतो. वरच्या मजल्यावरच्या मुलापर्यंत ओढलेली रेषा बांधाच्या माथ्यावरून दीड मीटर वरून जाते. तो बांध वरच्या मजल्यासाठी जवळपास अस्तित्वातच नाही. वरच्या मजल्यासाठी पुरेल एवढा उंच बांध घालायचा तर चौदा मीटर जागा पुरत नाही आणि तळमजला अंधारतो.

इथे समितीत बराच वेळ चर्चा चालली. काहींचं म्हणणं, सगळ्यांना फायदा नसेल तर एवढा खटाटोप कशाला. शेवटी ठरलं ते असं: बांध तळमजल्यासाठी घालायचा, आणि वरच्या मजल्यावर रस्त्याकडच्या खोल्यांत वर्ग ठेवायचेच नाहीत. चित्रकला, हस्तकला आणि भांडार तिकडे गेलं. दोन वर्गांना तरीही मागे जागा मिळाली नाही, ते रस्त्याकडेच राहिले.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. 'आवाज कमी करायचा' हे उद्दिष्ट फार मोघम आहे. 'खालच्या चार वर्गांतल्या शेवटच्या बाकापर्यंत शिक्षिकेचा आवाज पोचला पाहिजे' असं म्हटलं की कुठला पर्याय उपयोगाचा आणि कुठला नाही, ते लगेच दिसायला लागतं.

दुसरा निर्णय: जुन्या झाडांची मुळं

पहिल्या आराखड्यात बांध कुंपणालगत होता, कारण आवाजाच्या उगमाजवळ किंवा ऐकणाऱ्याजवळ असलेला अडथळा सर्वांत प्रभावी ठरतो. मधोमध असलेला सर्वांत कमी. पण कुंपणालगत जुनी झाडं होती. त्यांच्या बुंध्यांभोवती माती भरली की काय होतं, हे झाडांच्या जाणकाराने सगळ्यांना जागेवर नेऊन दाखवलं. एका बुंध्याच्या पायथ्याची माती हाताने बाजूला केली तर वरच्या वीतभर थरातच बारीक मुळांचं जाळं होतं. झाडाचा श्वास तिथे चालतो. त्यावर जाड भराव टाकला की हवा तुटते. झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांनी शेंडे वाळायला लागतात आणि तोवर भराव कुणाच्या लक्षातही नसतो.

म्हणून बांध आत सरकला, इमारतीकडे. ऐकणाऱ्याच्या जवळ आल्यामुळे परिणामकारकता फारशी गेली नाही. पट्टीच्या एका टोकाला दोन झाडं इतकी आत होती की तिथे बांधाला जागाच उरली नाही. बांध तिथे संपवून, मुळं चुकवत रोवलेल्या खांबांवर जाड फळ्यांचा भरीव अडसर केला आणि तो बांधाच्या टोकावर थोडा चढवून घेतला, म्हणजे दोघांच्या मध्ये सरळ फट राहणार नाही. फळ्यांच्या खाली जमिनीशी राहिलेली जागा लाकडाच्या सालपटांनी भरली. सालपटांतून मुळांना हवा मिळते आणि आवाजाची फट बरीचशी बुजते.

तिसरा निर्णय: फाटक

ध्वनिरोधकाची ताकद त्याच्यातल्या सर्वांत मोठ्या फटीवर ठरते आणि इथे सर्वांत मोठी फट म्हणजे फाटक. वाट वळणाची करून बांधाची दोन टोकं एकमेकांपुढे आणता आली असती. मग बाहेरून आत सरळ दिसलंच नसतं. पण अग्निशमनाची गाडी त्या वळणातून आत येईना. तो आग्रह सोडला, आणि तो सोडणंच योग्य होतं. फाटकासमोरच्या वर्गात शाळेचं कार्यालय आलं.

प्रत्यक्ष काम

गटाराच्या झाकणासाठी संबंधित खात्याला पत्र गेलं, सोबत उसळ्यांच्या नोंदीची प्रत. झाकण नव्या चौकटीत बसवलं गेलं. त्या एका दुरुस्तीने वर्गातली दचक गेली, असं शिक्षिका अजूनही सांगतात. सरासरीच्या आकड्यात ती फारशी दिसली नाही, कारण सरासरी अशा क्षणिक आवाजांना फार कमी भाव देते.

बांधाचा गाभा थरांनी दाबून भरला आणि वरचा थर मुद्दाम सैल ठेवला, सेंद्रिय खत मिसळून. उतारांवर काथ्याची जाळी अंथरून तिच्यातून गवत आणि जमिनीलगत पसरणाऱ्या वेली लावल्या. जाळी एका टोकाला कमी पडली होती; पहिल्याच जोराच्या पावसात नेमकं तेच टोक घसरलं आणि चिखल वर्गाच्या पायरीपर्यंत आला. बांध आणि इमारत यांच्यात पाण्याची चर आधीपासून होती म्हणून आत पाणी शिरलं नाही.

रस्त्याकडच्या उतारावर जमिनीपासून भरगच्च वाढणारी, वर्षभर पान धरणारी झुडपं घेतली. बांधाच्या माथ्यावर उंच झाडं लावायची नाहीत असं ठरवलं होतं. अडथळ्याच्या माथ्यावर आलेला पानोरा वरून जाणारा आवाज काही प्रमाणात खाली विखुरतो आणि बांधाच्या सावलीत जो शांतपणा मिळालेला असतो तो कमी करतो. परिणाम लहान असतो, पण टाळता येत होता. बांबूची सूचना आली होती. बेटाने वाढणारा बांबू दाट होतो हे खरं, पण इमारतीच्या आणि चरीच्या इतक्या जवळ तो नको, असं ठरलं.

जुन्या झाडांखालच्या जमिनीसाठी सर्वांत कमी खर्च झाला आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत सुंदर गोष्ट होती. दुचाक्या तिथून हलवल्या, दाबलेली माती मुळं न दुखावता वरवर मोकळी केली, त्यावर पालापाचोळ्याचा जाड थर. रस्त्यावरून निघालेला आवाज खिडकीशी दोन वाटांनी येतो: एक सरळ, दुसरा जमिनीवर आपटून. जमीन कडक असेल तर दोन्ही वाटांचा आवाज एकत्र येऊन वाढतो. जमीन सच्छिद्र असेल तर आपटणारा भाग काही प्रमाणात जिरतो आणि काही स्वरांत तर तो सरळ येणाऱ्याला खोडतो. जंगलात आवाज दबल्यासारखा वाटतो त्यात या पायाखालच्या थराचा मोठा हात असतो, आणि शहरातल्या बागांत नेमका तोच थर रोज सकाळी झाडून गोळा केला जातो.

परिणाम

लागवड झाली त्याच महिन्यात वरच्या मजल्यावरच्या एका शिक्षिकेने सांगितलं की आता खूप शांत वाटतं. वर मीटरमध्ये काहीच बदल नव्हता. याला भ्रम म्हणून हसण्यावारी नेणं चूक ठरेल. गेंटच्या वर्तुळाकार रस्त्यालगतच्या घरांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवाणखान्याच्या खिडकीतून हिरवाई दिसणाऱ्या लोकांना रहदारीच्या आवाजाचा त्रास कमी वाटतो, असं त्यात आढळलं. हिरवाईकडे बघून माणूस सैलावतो. त्रास हा केवळ डेसिबलचा खेळ नाही. पण वर्गातली अडचण त्रासाच्या पलीकडची होती. शांत वाटत असलं तरी शेवटच्या बाकावर 'थ' ऐकू आला पाहिजे, आणि त्याला मनाची शांती पुरत नाही. हे दोन वेगवेगळे फायदे आहेत आणि त्यांची वेगवेगळी नोंद ठेवायला हवी, असा आग्रह आम्ही धरला.

तळमजल्याच्या खिडक्यांबाहेर बांध, मऊ जमीन आणि झुडपं मिळून ५ ते ६ डेसिबलची घट आली. आधीच्या हिशेबात बसणारीच होती. यातला बहुतेक वाटा बांधाचा. फाटकासमोर फरक नगण्य, वरच्या मजल्यावर शून्याच्या जवळ. जड घरघर सगळीकडेच पूर्वीसारखी ऐकू येते. खालच्या स्वरांच्या लांबलचक लहरी एवढ्याशा बांधाला सहज वळसा घालतात. हॉर्नची धार मात्र खाली स्पष्ट बोथट झाली.

५-६ डेसिबल म्हणजे वर्ग ३५ पर्यंत आला असं नाही. गोंगाट पन्नाशीच्या आसपास उतरला एवढंच. खालच्या वर्गांतल्या शिक्षिका आता वाक्य एकदाच सांगून पुढे जाऊ शकतात, दिवसाच्या पहिल्या अर्ध्या भागात तरी. पूर्ण समाधान नाही, पण त्यांच्या बोलण्यातून फरक जाणवण्याइतका आहे हे कळतं.

एक तोटाही नोंदवायला हवा. बांधामुळे खालच्या वर्गांत वारा कमी येतो. उकाड्याच्या दिवसांत ही तक्रार रास्त असते. पंख्यांचा वेग वाढवला की पंख्यांचा आवाज येतो.

मधेच घडलेलं

सुमारे वर्षभराने पुन्हा मोजलं तेव्हा पट्टीच्या एका भागात घट कमी झाली होती. कारण डोळ्यांसमोर होतं. नवीन आलेल्या माळ्याने जुन्या झाडांखालचा सगळा पालापाचोळा झाडून जाळायला गोळा केला होता आणि रस्त्याकडची झुडपं खालून दोन फूट साफ छाटून, वर गोल आकार देऊन, नीटनेटकी केली होती. त्याने मन लावून, त्याला शिकवलेलं काम केलं होतं. तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी त्या आकारांचं कौतुकही केलं. उघड्या पडलेल्या बुंध्यांमधून रस्ता पुन्हा दिसू लागला होता आणि जमीन पुन्हा टणक व्हायच्या वाटेवर होती.

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. हा कचरा नसून कामाचा थर आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्यासमोर मीटर धरून, पाचोळा असलेल्या आणि नसलेल्या जागी काठीने जमीन टोचून दाखवली. एकीकडे काठी सहज आत गेली, दुसरीकडे टणकन उसळली. त्यानंतर पाचोळा जमिनीवरच राहू लागला, आणि छाटणीत त्याने स्वतःच एक सुधारणा सुचवली: झुडपांचे शेंडे खुडायचे म्हणजे ती खालून फुटतील. तसं केल्यावर खालचा भाग परत भरला.

वेगळं काय करता आलं असतं

खोल्यांची अदलाबदल आधी व्हायला हवी होती. ती बांधकामाशिवाय, एका सुट्टीत होण्यासारखी होती आणि तिचा लाभ बांधापेक्षा मोठा निघाला. बांधाची चर्चा चालू असताना मुलं आणखी एक सत्र रस्त्याकडच्या वर्गांत बसली, ते टाळता आलं असतं. झाडं लावण्याचा उत्साह सगळ्यांना असतो, बाकं हलवण्याचा कुणालाच नसतो, हे त्यामागचं साधं कारण.

माळीकाम करणारा माणूस आराखड्याच्या पहिल्या बैठकीत असायला हवा. हिरवा उपाय निवडला म्हणजे तो रोज कुणाच्या तरी हाताने घडत किंवा बिघडत राहणार, हे मान्य करणं. भिंतीच्या बाबतीत असं नसतं. देखभालीचं एक पान, कोणती झुडपं कुठवर छाटायची आणि पाचोळा का उचलायचा नाही एवढंच सांगणारं, बांधाच्या नकाशाइतकंच महत्त्वाचं होतं आणि ते पहिल्या दिवशी नव्हतं.

वरच्या मजल्याच्या आधीच्या नोंदी पुरेशा घेतल्या नव्हत्या. त्यामुळे तिथे 'फरक नाही' हे खात्रीने सांगता येतं, पण वेगवेगळ्या स्वरांत काय झालं ते सांगता येत नाही. राहिलेल्या दोन वर्गांसाठी छताला आवाज शोषणारे फलक लावण्याचा विचार आहे. बाहेरचा आवाज त्याने अडत नाही, पण वर्गात आवाज घुमणं कमी होऊन शिक्षिकेचे शब्द सुटे ऐकू येतात. हे कामसुद्धा आधी होऊ शकलं असतं.

पुढे आलेला प्रश्न

आता रस्ता आणखी रुंद करण्याचा प्रस्ताव आहे आणि त्यात कुंपणालगतची जुनी झाडं जाणार आहेत. पालक सभेत पहिलं वाक्य आलं ते हेच: झाडं तोडली तर आवाज वाढेल, हे लिहून द्या. तसं लिहून देता येत नाही. उघड्या बुंध्यांची ती एक रांग गेली तर खिडकीशी मीटरमध्ये दिसेल असा बदल होणार नाही, आणि समोरचा अभियंता ते एका ओळीत खोडून काढेल. त्यानंतर बाकीची सगळी बाजूही संशयास्पद ठरेल.

म्हणून समितीचं पत्र दोन भागांत लिहिलं आहे. आवाजाच्या भागात फक्त मोजमापाच्या आणि हिशेबाच्या आधारावर टिकेल तेवढंच आहे: रस्ता जवळ आल्यास पातळी वाढेल, बांधाला धक्का लागू नये, आणि नव्या कडेला बांधाच्या उंचीला पूरक असा भरीव कठडा मिळावा. झाडांच्या भागात आवाजाच्या पातळीचा उल्लेख नाही. तिथे मधल्या सुट्टीतली सावली, दर्शनी भिंतीवर पडणारं ऊन, खिडकीतून दिसणारी हिरवाई आणि तिचा शिक्षिका-मुलांच्या त्रासावर होणारा परिणाम, आणि त्या बुंध्यांचं वय आहे. रुंदीकरणाची रेषा फाटकाच्या बाजूला थोडी वळवली तर बहुतेक झाडं वाचतात, असा नकाशा पत्रासोबत जोडला आहे.